ऑस्ट्रेलियाच्या वर्क व्हिसासाठी स्किल असेसमेंट : वेल्डर भावाचे जुने कागद कसे जमवायचे?

कृष्णाकाठची_लेक

नमस्कार मंडळी, बरेच दिवस इथे नुसती वाचते, आज पहिल्यांदा धागा काढतेय, काही चुकलं तर सांभाळून घ्या.

आम्ही भिलवडीजवळचे. माझा धाकटा भाऊ वेल्डर आहे. २०१४ ला आयटीआय झाला, मग दोन सीझन साखर कारखान्यात ठेकेदाराकडे काढले, मग कुपवाड एमआयडीसीत एका छोट्या फॅब्रिकेशन शॉपमध्ये सात वर्षं, आणि २०२३ पासून तिथल्याच एका मोठ्या कंपनीत आहे. त्याच्याबरोबर पूर्वी कामाला असलेला एकजण पर्थला आहे, त्याच्या ओळखीनं तिकडच्या एका कंपनीनं व्हिडिओ कॉलवर याच्याशी बोलणं केलं आणि ४८२ व्हिसावर (कंपनीनं स्पॉन्सर करायचा टेम्पररी वर्क व्हिसा) घ्यायला तयार झाले. फक्त म्हणाले की आधी स्किल असेसमेंट, म्हणजे कामातल्या कौशल्याची अधिकृत तपासणी, करून घे.

आता अडचण अशी की भावाच्या हातात कला आहे पण कागद नाहीत. छोट्या शॉपमध्ये सुरुवातीला पगार रोख मिळायचा, नोटाबंदीनंतर शेठनी निम्मा बँकेत टाकायला सुरुवात केली, निम्मा तसाच हातात. पीएफ नाही. आणि २०१९ च्या पुरात घरातली ट्रंक दोन दिवस पाण्यात होती, त्यात आयटीआयचं सर्टिफिकेट आणि कारखान्याची हजेरी कार्डं एकमेकांना चिकटून गेली, सोडवायला गेले तर शाई बोटाला आली.

इकडे एक एजंट म्हणतोय असेसमेंट बिसेसमेंट काही लागत नाही, बारा लाख द्या, एक्स्पीरियन्स लेटर आम्हीच बनवतो. घरात दोन तट पडलेत. आई म्हणते दे टाकून, रान गहाण ठेवू. मला पटत नाही. असेसमेंट खरंच लागतं का? लागत असेल तर या अवस्थेत कसं करायचं? ज्यांनी केलंय त्यांनी सांगा प्लीज.

मिरज_जंक्शन

ताई सगळ्यात आधी, रान गहाण ठेवू नका. बाकी जाणकार सांगतीलच.

क्लाउडवाला_विश्रामबाग

मी ४८२ वरच आलो मेलबर्नला, मला कुठलंही असेसमेंट लागलं नाही. कंपनीनं नॉमिनेट केलं, डिग्री आणि अनुभवाची लेटर्स लावली, व्हिसा आला. असेसमेंट पीआरला (कायम राहण्याच्या व्हिसाला) लागतं, टेम्पररीला नाही. त्यामुळे एजंट त्या एका बाबतीत तरी खोटं बोलत नाहीये. बारा लाख मात्र अजिबात देऊ नका.

पर्थवाला

क्लाउडवाला भाऊ, तुमचं तुमच्यापुरतं बरोबर आहे, पण यांच्या भावाला ते लागू नाही. ४८२ ला असेसमेंट सगळ्यांना लागत नाही, ते ठरतं दोन गोष्टींवर, तुमचा व्यवसाय कुठला आणि पासपोर्ट कुठल्या देशाचा. सॉफ्टवेअरवाल्यांना नाही लागत. वेल्डर, फिटर, मेटल फॅब्रिकेटर, इलेक्ट्रिशियन, डिझेल मेकॅनिक, सुतार अशा ट्रेडसाठी काही ठराविक देशांच्या पासपोर्टवाल्यांना सक्तीचं आहे आणि त्या यादीत भारत आहे. मी वाळवा तालुक्यातला, मेटल फॅब्रिकेटर म्हणून २०१९ ला इकडं आलो, मला करावं लागलं. त्यामुळे एजंट सरळ खोटं बोलतोय.

असेसमेंट करणारी सरकारी संस्था म्हणजे ट्रेड्स रेकग्निशन ऑस्ट्रेलिया, सगळे टीआरए म्हणतात. प्रत्यक्ष तपासणी त्यांनी मान्यता दिलेल्या ट्रेनिंग संस्था करतात. दोन टप्पे असतात. आधी कागद तपासतात. कागद पटले तर टेक्निकल इंटरव्ह्यू, व्हिडिओवर, इंग्रजीत. काही ट्रेडला वर प्रॅक्टिकलपण असतं, इलेक्ट्रिशियनला तर असतंच.

तुमच्या भावाच्या दृष्टीनं महत्त्वाचा हिशेब हा. आयटीआयसारखं रीतसर ट्रेनिंग असेल तर लायसन लागत नाही अशा ट्रेडला तीन वर्षं पूर्णवेळ काम दाखवावं लागतं, ट्रेनिंग नसेल तर पाच. आणि त्यातलं किमान एक वर्ष मागच्या तीन वर्षांतलं पाहिजे. म्हणजे २०२३ पासूनच्या कंपनीचा पगार बँकेत येत असेल आणि पीएफ कापला जात असेल तर निम्म्याहून जास्त गाडी इथंच मार्गी लागली. सातच्या सात वर्षं सिद्ध करायच्या मागं लागू नका. जेवढं पक्कं आहे तेवढं दाखवा, उरलेलं त्याला आधार म्हणून लावा.

कृष्णाकाठची_लेक

पर्थवाला दादा, खूप आभार. आत्ता रात्री साडेअकरा वाजता भावाला उठवून वाचून दाखवलं. हो, आत्ताच्या कंपनीत सगळं बँकेत, पीएफ पण आहे. तो म्हणतोय, "म्हंजे बारा लाखाचं काम माझ्या पासबुकात हाय व्हय!"

कराडचा_फोरमन

माझं मत वेगळं आहे आणि स्पष्ट सांगतो. छत्तीस वर्षं शॉप फ्लोअरवर काढली. वेल्डर बघायचा तर त्याच्या हातात होल्डर द्यायचा, दोन प्लेटा द्यायच्या आणि म्हणायचं कर उभी जॉइंट. मणी कसा पडतो, रॉड कुठं थांबतो, स्लॅग कशी सुटते यावरून पाच मिनिटांत कळतं माणूस काय पाण्याचा आहे. कॉम्प्युटरसमोर बसवून इंग्रजीत प्रश्न विचारले तर माझ्या हाताखालचे उत्तमातले उत्तम वेल्डर नापास होतील आणि चुरूचुरू बोलणारे हेल्पर पास होतील. आपल्याकडच्या पोरांवर हा अन्याय आहे. विट्याच्या गलाईवाल्यांची (सोनं-चांदी गाळणाऱ्यांची) माणसं केरळ, तामिळनाडूपासून पंजाबापर्यंत पसरली, कुणी त्यांची परीक्षा घेतली? मामानं भाच्याला नेलं, भाच्यानं मावसभावाला नेलं. शब्दावर धंदा उभा राहिला.

हळद_बाजार

+१ काका. गलाईवाल्यांचं एकदम बरोबर.

पर्थवाला

काका, तुमचं म्हणणं मी तोडत नाही, पण इंटरव्ह्यूचा माझा अनुभव वेगळा आहे. त्यांना फाडफाड इंग्रजी नको होतं. मला विचारलं, लो हायड्रोजन रॉड वापरतोस का, कुठं ठेवतोस? मी म्हणालो, ७०१८ पाकिटातनं काढला की बेकिंग ओव्हन, मग होल्डिंग ओव्हन, तिथून क्विव्हर, आणि ओला झाला तर वेल्डमध्ये हायड्रोजन जाऊन क्रॅक येतो. शब्द मोडकेतोडके होते. पण काम केलेल्या माणसालाच ते उत्तर सुचतं. मग विचारलं, जाड प्लेटला प्रीहीट का करतोस. अंडरकट आला तर काय करशील. ड्रॉइंगवरची खूण दाखवून विचारलं ही फिलेट आहे का ग्रूव्ह, बाण ज्या बाजूला आहे तिकडं वेल्ड करायचा का पलीकडं. हेल्परला हे सांगता येत नाही काका, कितीही बोलका असू दे.

आणि सेफ्टीवर भरपूर विचारतात, तिथं आपली पोरं अडकतात. बंद टाकीत शिरायच्या आधी काय बघशील, असं विचारलं. आपल्याकडं काय बघतो आपण? काही नाही, शिरतो. इकडं वेल्डिंगच्या धुराची मर्यादा १८ जानेवारी २०२४ पासून घनमीटरला ५ मिलिग्रॅमवरून १ मिलिग्रॅमवर आणली आहे. आमच्या शॉपमध्ये आता हवा पुरवणारी हेल्मेटं घालूनच काम चालतं. इतकी वर्षं तोंडाला रुमाल बांधून गॅल्वनाइजचा धूर ओढलेला मी, पहिल्यांदा ते हेल्मेट घातलं त्या रात्री खोकला आला नाही.

कराडचा_फोरमन

गॅल्वनाइजच्या धुराचं लिहिलंत आणि थांबलो. माझ्या शॉपमधले दोघं त्या धुरानं गेले असं मी आजही मानतो, डॉक्टरांनी काहीही लिहिलेलं असो. संध्याकाळी हुडहुडी भरून ताप यायचा, आम्ही म्हणायचो दूध प्या, गूळ खा. बंद टाकीत शिरायच्या आधी काय बघायचं हे विचारत असतील तर विचारू देत. तेवढ्यापुरता माझा विरोध मागं घेतो. इंग्रजीचा नाही.

सिस्टर_गांधीचौक

नर्सिंगवाल्यांनी हा धागा वाचून गोंधळू नका म्हणून लिहिते. आपलं टीआरएकडे नसतं. आपल्याला तिकडच्या नर्सिंग बोर्डाचं रजिस्ट्रेशन घ्यावं लागतं, आपल्या डिग्रीवाल्यांना बहुतेक वेळा एन्क्लेक्स ही कॉम्प्युटरवरची परीक्षा आणि मग तिथं प्रत्यक्ष जाऊन ऑस्की ही प्रात्यक्षिक परीक्षा द्यावी लागते. माझी रूममेट अॅडलेडला जाऊन देऊन आली. मिरजेत मुली विचारत असतात "वेल्डरला व्हिडिओवर होतं मग आम्हाला का नाही". रुग्णाला हात लावायचाय बाई, म्हणून.

दम्माम_रिटर्न

सौदीवाल्यांचंपण लिहून ठेवतो, कुणाच्या तरी कामाला येईल. पूर्वी मुंबईत एजंटच्या हॉलमध्ये ट्रेड टेस्ट व्हायची, कंपनीचा माणूस यायचा, पाइप जोडून घ्यायचा, बोटानं दाखवायचा "तू, तू, तू". आता प्लंबर, इलेक्ट्रिशियन, वेल्डर, एसी मेकॅनिक, गाडीचा इलेक्ट्रिशियन अशा ट्रेडला तकामोलची (सौदीवाले घेतात ती कौशल्याची) परीक्षा पास झाल्याशिवाय व्हिसा स्टँप होत नाही. थोडं कॉम्प्युटरवर, थोडं हातानं. पुतण्याला दिली. काम येणाऱ्याला अवघड नाही.

अजून एक. गल्फला जाणाऱ्यांसाठी आपल्या सरकारच्या ईमायग्रेट पोर्टलवर रजिस्टर्ड एजंटांची यादी असते आणि एजंटनं घ्यायची फी कायद्यानं ३०,००० रुपये अधिक जीएसटी एवढीच आहे. लाखात मागायला लागला की समजायचं. ऑस्ट्रेलियाला ते इमिग्रेशन क्लिअरन्स लागत नाही, तरी नाव तिथं तपासून बघायला काय जातंय.

औंधला_जाऊन_आलो

इस्रायलच्या बांधकामाच्या भरतीची टेस्ट २०२४ च्या सप्टेंबरमध्ये पुण्यात औंध आयटीआयला झाली तेव्हा आमच्या गावातला एकजण सातारा स्टँडवर आपल्या साताऱ्यातल्या, यमाईच्या औंधची एसटी शोधत होता 😄 कंडक्टर म्हणाला यमाईच्या दर्शनाला का? हा म्हणाला इस्रायलला!

भडंगप्रेमी

हा हा हा. यमाईनं पावलं उचलली असतील तर पास झाला असेल.

औंधला_जाऊन_आलो

पास झाला. फरशीकाम, मन लावून करतो. आता दर महिन्याला घरी पैसे येतात आणि यमाईला नारळ.

कृष्णाबाई_वाई

मी हे कुठंच लिहिलं नव्हतं. ताईंचा धागा वाचला म्हणून लिहिते.

माझे मिस्टर डिझेल मेकॅनिक. शिरवळला कंपनीत चांगली नोकरी होती. एका एजंटनं सांगितलं ऑस्ट्रेलिया, असेसमेंट आम्ही बघतो, तुम्ही फक्त सह्या करा. साडेनऊ लाख दिले, सहा सोसायटीचे आणि बाकी माझे दागिने. चार महिन्यांनी एका गॅरेजचं एक्स्पीरियन्स लेटर दाखवलं, त्या गॅरेजमध्ये ह्यांनी कधी पाऊलही टाकलेलं नव्हतं. ह्यांनी विचारलं तर म्हणाला सगळे असंच करतात. अर्ज गेला. तिकडून त्या गॅरेजला पडताळणीचा फोन गेला, उचलणाऱ्यानं ह्यांचं नाव ओळखलं नाही. नकार आला आणि वर तीन वर्षांची बंदी. ह्यांच्या स्वतःच्या कंपनीतली अकरा वर्षं खरी होती हो. ती कुणी विचारलीच नाहीत. खरं पत्र मागायला कंपनीत गेलो असतो तर तिथल्या एचआरनं दोन दिवसांत दिलं असतं.

ताई, तुमच्या आईला माझं हे वाचून दाखवा.

मिरज_जंक्शन

वाचून सुन्न झालो. ताई, पोलिसात तक्रार केलीत का?

कृष्णाबाई_वाई

केली. तारखा चालू आहेत.

हिशेबनीस_खणभाग

कृष्णाबाईताई, धीर धरा. बंदीचा कालावधी संपल्यावर खऱ्या कागदांवर पुन्हा अर्ज करता येतो, अकरा वर्षांची खरी नोकरी कुठं गेलेली नाही. त्या वर्षांचे फॉर्म १६ आणि पीएफ पासबुक आत्ताच काढून ठेवा.

इतरांसाठी लिहितो, त्या बंदीमागं पब्लिक इंटरेस्ट क्रायटेरियन ४०२० असा नियम आहे. खोटा कागद व्हिसाच्या ऑफिसला दिला तरच नाही, असेसमेंट करणाऱ्या संस्थेला दिला तरी लागतो. खोट्या कागदाला तीन वर्षं, ओळखच खोटी सांगितली तर दहा वर्षं. आणि एजंटनं बनवला होता, मला माहीत नव्हतं, ही सबब चालत नाही, कारण अर्ज तुमच्या नावाचा.

आता धागाकर्त्या ताईंच्या कागदांकडे वळतो. सीए फर्ममध्ये आहे, असले कागद रोज बघतो.

कारखान्याचे दोन सीझन : ठेकेदारानं पीएफ भरला असेल तर यूएएनच्या (पीएफच्या कायम नंबरच्या) जुन्या पासबुकात त्याची नोंद महिन्यासकट निघते. बऱ्याच पोरांना माहीतच नसतं की आपलं जुनं पीएफ खातं आहे. नोव्हेंबर ते एप्रिल असे सहा महिने दिसतील, दोन सीझनचे बारा. तेवढंच सांगायचं, दोन वर्षं म्हणायचं नाही.

कुपवाडचं छोटं शॉप : शेठ हयात आहेत, शॉप चालू आहे, तर त्यांच्याकडून लेटरहेडवर पत्र घ्या. पत्रात कामावर लागल्याची आणि सोडल्याची तारीख, आठवड्याचे तास, हुद्दा, रोजचं काम काय, कुठली मशिनं आणि कुठली पद्धत, सही करणाऱ्याचं नाव, हुद्दा, फोन. "तो मेहनती आणि प्रामाणिक आहे" या वाक्याचा काडीचा उपयोग नाही. त्यापेक्षा "६ मिलिमीटर ते २५ मिलिमीटर एमएस प्लेटचं आर्क वेल्डिंग, डेअरीच्या एसएस पाइपचं टिग" असं लिहिलेलं पाहिजे. पगार निम्मा रोख होता तर तसंच लिहायचं, निम्मा बँकेत, निम्मा रोख. बँकेचं जुनं स्टेटमेंट शाखेत अर्ज देऊन मिळतं, आणि पत्रातला आकडा स्टेटमेंटशी जुळला पाहिजे. पत्रात १४,००० आणि खात्यात ७,००० आणि मधल्या ७,००० चा कुठंच उल्लेख नाही, असं झालं की शंका येते.

नाव_बदलू_नका

आणि नावाचा घोळ आधी निस्तरा. आपल्याकडे आयटीआयच्या कागदावर आडनाव आधी, पासपोर्टवर शेवटी, बँकेत वडिलांचं नाव गायब, पीएफमध्ये स्पेलिंगला एक ए जास्त. माझ्या मेहुण्याचं फक्त यामुळं दोन महिने अडकलं. सगळ्या कागदांवरची नावं एका कागदावर लिहून काढा आणि अॅफिडेव्हिट करून ठेवा.

कृष्णाकाठची_लेक

हिशेबनीस दादा, तुमचं उत्तर प्रिंट काढून पतसंस्थेतल्या माझ्या टेबलाच्या काचेखाली ठेवलंय. आणि कृष्णाबाईताई, आईला वाचून दाखवलं. आई काही बोलली नाही. सकाळी उठून म्हणाली, "त्या बाईंना सांग, देव त्यांचं बरं करंल. आनी त्या एजंटाला फोन करून सांग, येऊ नगो म्हनावं." तो विषय संपला.

आता अजून दोन शंका. कारखान्यात भाऊ बॉयलरच्या ट्यूबचं वेल्डिंग करायचा, त्याच्याकडे आयबीआरचं (बॉयलर वेल्डरचं सरकारी) कार्ड आहे, ते मात्र पाकिटात होतं म्हणून वाचलं. त्याचा उपयोग होतो का? आणि मराठीतली हजेरी कार्डं चालतात का, जी एक-दोन सुटी झालीत?

कराडचा_फोरमन

आयबीआर कार्ड? अहो बाई, हे आधी सांगायचं! बॉयलरच्या खात्याच्या इन्स्पेक्टरसमोर टेस्ट पीस करून, त्याची तपासणी होऊन ते मिळतं. ज्या पोरानं आयबीआरची ट्यूब जोडली आहे त्याला हात नाही असं कुणाची म्हणायची टाप नाही. पहिल्या नंबरला लावा.

पर्थवाला

काकांशी शंभर टक्के सहमत. ते लावाच, आत्ताच्या कंपनीत ३जी, ४जी, ६जी अशी (वेगवेगळ्या पोझिशनमधल्या वेल्डिंगची) क्वालिफिकेशन टेस्ट झाली असेल तर तो रिपोर्टपण लावा. मराठी कार्डं चालतात, फक्त अधिकृत इंग्रजी भाषांतर जोडायचं.

आणि सगळ्यात महत्त्वाचं राहिलं, फोटो आणि व्हिडिओ. काम करताना चेहरा ओळखू आला पाहिजे. आपली पोरं काच लावून पाठमोरे फोटो काढतात, ठिणग्या मस्त दिसतात पण माणूस कोण ते कळत नाही. आधी काच वर करून चेहरा, मग सेटिंग करताना, मग काच खाली, मग काच वर करून वेल्ड दाखवायचा, सगळं एका सलग व्हिडिओत. आणि चप्पल घालून नको रे बाबांनो. सेफ्टी शूज, लेदरचे हातमोजे, अॅप्रन. ग्राइंडरला गार्ड पाहिजे. इकडचा माणूस पहिल्यांदा गार्डच बघतो.

क्लाउडवाला_विश्रामबाग

माझं वरचं उत्तर चुकीचं होतं, माझ्यावरून सगळ्यांचं ठरवलं. सॉरी ताई. भरपाई म्हणून व्हिसाच्या बाजूचं जे पक्कं माहितीये ते लिहितो.

७ डिसेंबर २०२४ पासून जुन्या टीएसएस व्हिसाच्या जागी स्किल्स इन डिमांड व्हिसा आलाय, नंबर तोच, ४८२. अनुभवाची अट दोन वर्षांवरून एक वर्षावर आली. हे व्हिसाचं झालं, असेसमेंटची तीन वर्षांची अट वेगळी, दोन्ही एकत्र करू नका, फेसबुकवर सगळे तिथंच गोंधळ घालतात. कोअर स्किल्स प्रकारात २०२५-२६ साठी वर्षाला किमान ७६,५१५ ऑस्ट्रेलियन डॉलर पगाराची अट ठरली होती, चालू आकड्यापेक्षा कमीचं ऑफर लेटर असेल तर विचारा. आयईएलटीएस या इंग्रजीच्या परीक्षेत चारही भागांत किमान पाच लागतात, त्याची तयारी आजपासून.

आणि कंपनीनं भरायचे पैसे कंपनीनंच भरायचे. ट्रेनिंगसाठीची एक लेव्ही असते, लहान कंपनीला वर्षाला १,२०० डॉलर, मोठीला १,८००, ती आणि नॉमिनेशनची फी कामगाराकडून वसूल करणं बेकायदेशीर आहे. स्पॉन्सरशिपच्या बदल्यात पैसे मागणं तर २०१५ च्या डिसेंबरपासून तिकडं गुन्हाच आहे. तिकडच्या मायग्रेशन एजंटला रजिस्ट्रेशन नंबर असतो, सरकारी यादीत तो तपासता येतो.

इस्लामपूरचा_अमोघ

नोकरी गेली तर काय? तिकडं जाऊन मालकानं काढलं म्हणजे?

पर्थवाला

पूर्वी साठ दिवस मिळायचे. १ जुलै २०२४ पासून एका वेळी १८० दिवस मिळतात दुसरा स्पॉन्सर शोधायला, त्या काळात दुसरीकडे कामपण करता येतं. मी स्वतः २०२१ ला या साठ दिवसांतून गेलोय. मुलगी चार महिन्यांची होती. एकोणपन्नासाव्या दिवशी नवं नॉमिनेशन झालं. नियम बदलल्याचं वाचलं तेव्हा बायकोनं घरी शिरा केला होता.

भडंगप्रेमी

ताई, भाऊ निघाला की भडंग जरूर द्या बरोबर, पर्थवाल्या दादांनापण.

पर्थवाला

द्या, पण एअरपोर्टवरच्या कार्डावर खायचं सामान लिहायला सांगा, लपवायचं नाही, दंड जबर आहे. साताऱ्याचे कंदी पेढे मात्र नकोत, दुधाचे पदार्थ आत नेऊ देत नाहीत. माझे एक किलो पेढे माझ्या डोळ्यांसमोर डब्यात गेले.

भडंगप्रेमी

कंदी पेढे डब्यात?? हे वाचवत नाही.

कराडचा_फोरमन

विषयावर या. ताई, इंग्रजीबद्दलचा माझा विरोध कायम आहे, पण पोराला तयार करायचं तर करूया. मी मराठीत प्रश्न काढतो, क्लाउडवाल्यांनी इंग्रजीत करून द्यावेत. रोज संध्याकाळी सात वाजता फोन लावायचा, मी विचारणार, त्यानं इंग्रजीत सांगायचं. मला इंग्रजी उत्तर कळलं म्हणजे त्या साहेबाला कळणारच.

क्लाउडवाला_विश्रामबाग

काका, मी तयार. रविवारी मीपण कॉलवर येतो.

---

कृष्णाकाठची_लेक (पाच महिन्यांनी)

मंडळी, उशिरा लिहितेय, पण सगळं पार पडेपर्यंत लिहायचं नाही असं आईनं बजावलं होतं.

आयटीआयच्या सर्टिफिकेटची दुय्यम प्रत मिळाली. पीएफच्या जुन्या पासबुकात ठेकेदाराचे अकरा महिने निघाले, बारा नाही, एका एप्रिलचा भरलाच नव्हता, आम्ही अकराच सांगितले. सगळ्यात भीती होती ती कुपवाडच्या शेठची. भाऊ त्यांना सोडून गेला होता, तेव्हापासून बोलणं नव्हतं. मी आणि भाऊ दोघं गेलो. शॉपच्या दारात तो थांबला, आत जाईना. शेठनी आतूनच हाक मारली, "आरं ये की, भायेर का उभा?" मी पत्राचा मजकूर टाइप करून नेला होता. त्यांनी चष्मा लावून ओळ न ओळ वाचली. निम्मा पगार रोख या वाक्यावर पेन थांबलं. मला वाटलं झालं, आता नाही म्हणणार. मिनिटभर काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "दिलावता रोख. लिवलंय ते खरंच हाय." आणि सही केली. मग स्वतःच उठून कपाटातून २०१७ सालचं पगाराचं रजिस्टर काढलं, त्यात भावाच्या सहीचे ठसठशीत मराठी अक्षरातले महिने. म्हणाले याच्या झेरॉक्सपण ने. व्हिडिओ तिथंच काढायचा का विचारलं आणि ग्राइंडरला नवा गार्ड आणून बसवला.

इंटरव्ह्यूत बंद टाकीचा प्रश्न आला. काकांनी तो त्याच्याकडून चाळीस वेळा तरी म्हणून घेतला असेल. गॅस टेस्ट, व्हेंटिलेशन, परमिट, बाहेर एक माणूस उभा. एका ठिकाणी त्याला "पर्ज" शब्द आठवेना, तर त्यानं हातानं पाइप दाखवून "आर्गॉन इनसाइड, नो एअर, रूट शायनिंग" असं सांगितलं. समोरचा माणूस म्हणाला, येस, पर्जिंग.

मागच्या मंगळवारी निकाल आला. सक्सेसफुल. आता कंपनी नॉमिनेशन करतेय.

कृष्णाबाईताई, तुम्हाला व्यक्तिगत निरोप पाठवलाय. मिस्टरांचे अकरा वर्षांचे कागद घेऊन या रविवारी आमच्याकडे या, वाईहून सकाळी निघालात तर जेवायला पोचाल. मी यादी करून ठेवलीय, एकेक बघत बसू.

कृष्णाबाई_वाई

येतो ताई. दोघंही येतो.

कराडचा_फोरमन

वाटेत कराड लागतं. साडेनऊला कोल्हापूर नाक्यावर उभा राहतो, मला घेऊन जा. डिझेल इंजिनाचे प्रश्न काढून ठेवतो.